चोकची तार

मुंबईची थंडी मोजून आठ-दहा सकाळींची. तेवढ्यासाठीही माणसं पेटीतला स्वेटर काढतात, डांबरगोळ्यांचा वास अंगावर घेऊन दूध आणायला जातात, टपरीवर चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतात. यंदाची थंडी गेल्या सोमवारी आली. प्रभादेवीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या खिडकीत मी उभी होते. खाली कुणाची तरी नवी गाडी निघाली. दिवे लागले, चाकं फिरली, गेली. खोकली नाही, धपापली नाही. मला त्या गाडीचा राग आला.

राग खरं तर माझा मलाच. सहा वर्षं झाली. तरी थंडीतल्या सकाळी एखादी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली की मी खिडकी लावून घेते.

तेव्हा आम्ही भोईवाड्यात चाळीत राहत होतो. पप्पांकडे एक जुनी गाडी होती, कार्बुरेटरवाली. आमच्याआधी तिला दोन मालक होऊन गेले होते. रंग एकेकाळी पांढरा असावा, आता जुन्या दातांसारखा झाला होता. आई इस्पितळात आया होती, तिची सकाळची पाळी सातची. गुडघे गेलेले, म्हणून पप्पा तिला सोडायचे. पण गाडी नुसती आमची नव्हती. चाळीत कुणाचं पोट दुखलं, कुणाच्या मुलीची परीक्षा लांब कुठे आली, की तीच निघायची.

त्या डिसेंबरात तिने सकाळी उठायचं नाकारलं. दुपारी चावी फिरवा, लगेच सुरू. संध्याकाळीही कुरकुर नाही. पण पहाटे सहाला, काचेवर दव असताना, पप्पा सेल्फ मारायचे आणि खर्र खर्र खर्र असा आवाज सगळ्या गल्लीत फिरायचा. मग एक शिंक. मग काहीच नाही. पेट्रोलचा कच्चा वास, झाडलोटीच्या धुळीचा वास, आणि गॅलरीत तोंडात ब्रश धरून उभे असलेले सल्लागार.

"प्रल्हाददा, धक्का मारू काय?"

"अरे तिलापण स्वेटर घाला!"

"गाडी नाय, म्हातारी आहे ती. आधी चहा पाज."

आई गाडीतून उतरायची, पदर कमरेला खोचायची आणि बस स्टॉपकडे चालू लागायची. पाठमोरी, एका बाजूला कलत. पप्पांना ते बघवायचं नाही.

मग घोडपदेवहून सायकलवर शांताराम मिस्त्री आले. ते मालवणकडचे. पप्पा आणि ते तरुणपणी गिरणीत एकाच खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर पप्पा छापखान्यात लागले आणि हे एका गॅरेजात पाने उचलता उचलता कार्बुरेटरचे मास्तर झाले. आई सांगायची, खात्यातल्या सवर्ण मित्रांपैकी आमच्या घरी येऊन आमच्या ताटात जेवलेला पहिला माणूस हा. पप्पा हे कधी बोलून दाखवत नसत. पप्पा त्यांना "शांत्या" म्हणायचे, ते पप्पांना "पल्या". मी मिस्त्रीकाका म्हणायचे.

पहिल्या दिवशी ते संध्याकाळी आले, गाडीकडे बघितलं आणि हातच लावला नाही.

"आता गरम आहे ती," म्हणाले. "गरम गाडीला काय विचारायचं? बरा झालेला पेशंट डॉक्टरला सांगतो तसं सांगणार, सगळं छान आहे. तिला रात्रभर थंड पडूदे. उद्या सकाळी मी येईपर्यंत चावीला कोणी शिवायचं नाय. तू पण नाय, पल्या."

"आणि मी सेल्फ मारला तर?"

"तर मग परवा. थंड इंजिनला दिवसातनं एकदाच विचारता येतं."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या कामाचं नव्हतं ते. मी एकवीस वर्षांची होते आणि मला बहुतेक प्रश्नांची उत्तरं आधीच माहीत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ते बॉनेटवर वाकले. एक प्लग काढला, नाकाशी नेला, बोटाने चाचपला. "कोरडा. पेट्रोल पोचत नाय." मग हवेची डबी काढून कार्बुरेटरच्या उघड्या तोंडावर तळवा ठेवला आणि पप्पांना म्हणाले, "मार." गाडी एका फटक्यात पेटली. मला जवळ बोलावून त्यांनी समजावलं. थंडीत इंजिनला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. डॅशबोर्डखालचं बटण ओढलं की तारेने एक झडप मिटते आणि हवा अडवते, तो चोक. आपण पहाटे तोंडावर शाल ओढतो तसं. इथे झडप पुरती मिटत नव्हती, कारण तार तिला पकडणाऱ्या स्क्रूमधून सरकली होती. "माझ्या तळव्याने झडपेचं काम केलं," म्हणाले आणि स्क्रू आवळला. सगळं मिळून दहा मिनिटं. मग आमच्या घरी चहा, खारी, आणि गिरणीतल्या कुठल्यातरी जॉबरची, म्हणजे मुकादमाची, नक्कल.

चार दिवस आई गाडीने गेली. पाचव्या दिवशी पुन्हा खर्र खर्र.

मिस्त्रीकाका पुन्हा आले. तार पुन्हा सरकली होती. त्यांनी स्क्रू बदलला. तिसऱ्यांदा पुन्हा तेच झालं तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"तार अशी आपणहून सरकत नाय. कोण जोर लावतंय?"

"मी तर अलगद ओढतो रे," पप्पा म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. मित्रा हे माझं नाव. "मित्रा, संध्याकाळी तू बसतंस ना गो गाडयेत? चोक ओढतंस?"

मी संध्याकाळी गाडीत बसायचे हे खरं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तीन माणसं, टीव्ही, आणि शेजारच्या खोलीचाही टीव्ही. दार लावून घेता येईल अशी सगळ्या जगात माझ्यासाठी एकच जागा होती, ती म्हणजे ती उभी गाडी. तिच्यात मी अभ्यास केला, तिच्यात पत्रकं लिहिली.

"मला चोक कशाला लागतोय?" मी म्हणाले. "मी काय गाडी चालवते?"

उत्तर तिखट होतं. शब्दाशब्दाने खरंही होतं. काका हसले आणि म्हणाले, मग झडपेचा दांडाच आत अडकत असेल, म्हणून तारेवर ताण येतो. त्यांनी कार्बुरेटर खोलून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सायकलच्या कॅरियरला बांधून घोडपदेवला नेला. दोन दिवसांनी आणून बसवला. तो इतका चकचकीत होता की मला ओळखू येईना.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. माझं घर चळवळीच्या पत्रकांवर वाढलेलं. पप्पा छापखान्यातून उरलेले कागद आणायचे, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. 'जागे व्हा' हे मी वाचलेलं पहिलं वाक्य असावं. उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी कळलं. आणि चाळीच्या तोंडाशी एक काळा फळा होता. त्यावर सभा, मयत, पाण्याची वेळ, आणि रोजचे चार विचार. मी अठराची झाले तेव्हा पप्पांनी तो माझ्या हाती दिला. आमच्याकडे त्या फळ्याची एक रीत होती. लिहिणाऱ्याशिवाय त्यावरचं कुणी पुसायचं नाही. पटो न पटो, आवडो न आवडो. "मी पण पुसणार नाही," पप्पा म्हणाले होते.

कार्बुरेटर चमकत परत आला त्या दिवशी विलास, आमच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला, बॉनेटमध्ये डोकावला. "हा तुमचाच का?" म्हणाला. "ओरिजिनल कोण परत देतो गं? जुन्या गाड्यांचे शौकीन शोधत फिरतात असे पार्ट." तो सहज बोलला, दात कोरत. मंगळवारी गाडी पुन्हा बंद पडली. मला आणखी काही नको होतं. आईची कलती चाल मी रोज बघत होते. तिला कुणीतरी चालायला लावत होतं आणि आता मला ते कोण हे कळलं होतं. बुधवारी सकाळी मी फळ्यावर लिहिलं:

"कष्टकऱ्याचा विश्वास चोरणारा हात कष्टकऱ्याचा असला, तरी तो चोराचाच! मैत्रीच्या नावाखाली जुने सुटे भाग पळवणाऱ्यांपासून सावध राहा!"

नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती. आख्ख्या चाळीत घरची गाडी एक आणि मित्र मिस्त्री एक.

पप्पा फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग वर आले. "पुस."

"का?"

"पुरावा काय तुझ्याकडे?"

"गाडी रोज बंद पडते हा पुरावा नाही? मित्र आहे म्हणून तुम्ही डोळे मिटताय. तुम्हीच शिकवलं ना, आपला-परका बघायचा नाही?"

पप्पांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. ते खाली गेले. मला वाटलं, पुसतील. त्यांनी पुसलं नाही. त्यांनी मला शब्द दिला होता.

मला अजून वाटतं, पत्रकाचा यात दोष नाही. ज्यांनी गिरण्या बुडवल्या, ज्यांनी माणसं हुसकावली, त्यांच्याबद्दल लिहिलेलं एकही उद्गारचिन्ह मी मागे घेणार नाही. पण ती पत्रकं लिहिणाऱ्या माणसांनी आधी दारोदार जाऊन विचारलं होतं, कागद तपासले होते. मी त्यांच्याकडून फक्त आवाज घेतला. एकही प्लग काढून कोरडा की ओला हे बघितलं नव्हतं.

रविवारी पहाटे मिस्त्रीकाका आले. सायकल टेकवली आणि फळा वाचला. चष्मा घरी राहिला असावा, कारण त्यांनी बोट एकेका शब्दाखालून नेलं. मी जिन्यात उभी होते. त्यांनी मला पाहिलं.

"अक्षर झकास आहे हां तुझं," म्हणाले.

मग पप्पांना, "पल्या, बॉनेट उघड." नेहमीसारखं काम केलं. तार ओढून स्क्रू आवळला. मग दार उघडून आत बसले आणि चोकच्या बटणाकडे बघत राहिले. बटणाच्या मानेपाशी काहीतरी अडकलं होतं, ते त्यांनी नखाने काढलं, दोन बोटांत चुरगाळलं आणि टाकून दिलं. गाडी सुरू केली. ती सुरू झाली.

"आता दुसरा कोण बघ, पल्या. माझे हात चालत नायत."

"शांत्या, चहा तरी..."

"आज घाई आहे रे."

मालवणी माणूस चहा सोडून जातो तेव्हा काय असतं ते पप्पांना माहीत होतं. ते सायकलमागे चार पावलं चालले आणि थांबले.

मंगळवारी संध्याकाळी मी गाडीत लिहायला बसले. आदल्या दिवशी पत्रकांचे गठ्ठे आले होते, ते सगळे झोळीत. मी झोळी खांद्यावरून काढली आणि नेहमीच्या जागी अडकवली. नेहमीची जागा म्हणजे डॅशबोर्डखालचं ते बटण. खाली ठेवली तर पायात येते, शेजारच्या सीटवर माझी पुस्तकं. म्हणून ती गेले तीन महिने तिथेच टांगलेली असायची, माझ्या गुडघ्याला टेकून. मी गुडघा हलवला. झोळी ओढली गेली. समोर, बॉनेटच्या आत कुठेतरी, बारीक आवाज आला. कट्.

बटण बोटभर बाहेर आलं होतं. पट्टा निळ्या सुताचा होता आणि त्याचा एक दोरा बटणाच्या मानेला गुंडाळला गेला होता.

मला सगळं एका क्षणात कळलं. कळल्यावर मी काय केलं? मी झोळी काढली आणि मांडीवर घेतली. गुपचूप बॉनेट उघडून, काकांना करताना पाहिलं होतं तसा स्क्रू आवळला. बस. फळा मी आदल्याच दिवशी पुसून पाण्याची वेळ लिहिली होती.

त्यानंतर गाडी रोज सुरू झाली. जानेवारीच्या सगळ्यात गार सकाळीसुद्धा. आणि हेच सगळ्यात वाईट झालं.

"बघा, मिस्त्री गेला आणि गाडी सुधारली!"

"फळ्याने काम केलं राव."

"प्रल्हाददाच्या पोरीने बरोबर पकडला त्याला."

गॅलरीतून माझं कौतुक होत होतं आणि गाडी रोज सकाळी सहाला माझ्या बाजूने खोटी साक्ष देत होती. मी ती देऊ दिली. हळूहळू पप्पांनाही ती पटली. त्यांनी शांत्याचं नाव घेणं सोडलं. विलासने त्याच्या टॅक्सीवाल्या दोस्तांना सांगितलं, दोस्तांनी आणखी कुणाला. मार्चमध्ये काकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, आग्रहाने, सहकुटुंब. लग्नाच्या दिवशी पप्पा सकाळपासून दुपारपर्यंत गाडी धूत होते.

मी लिहायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तीन वेळा खडू हातात घेतला. मला निषेध लिहिता येत होता, आवाहन येत होतं, श्रद्धांजली येत होती. 'जाहीर माफी मागा' हे तर मी कितीदा लिहिलं असेल. पण ते नेहमी दुसऱ्याला. स्वतःसाठी ते वाक्य कसं फिरवायचं हे कुठल्याच पत्रकात सापडलं नाही. उद्या लिहू, म्हणायचे. उद्या लाइट बिलाची नोटीस असायची. दोन वर्षांपूर्वी चाळ पाडायला घेतली, माणसं कुठे कुठे पांगली, फळा कुणी नेला माहीत नाही, गाडी भंगारात गेली. तेव्हा मला लाज वाटेल इतकं हलकं वाटलं होतं. आता कुठे लिहिणार, असं म्हणता आलं म्हणून.

गेल्या सोमवारी ती नवी गाडी न खोकता निघून गेली आणि मंगळवारी मी घोडपदेवला गेले.

मिस्त्रीकाका दारातच खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. अंगात हातविणीचा स्वेटर. हात आता खरंच थरथरत होते. त्यांनी मला ओळखलं. काकू आत चहा टाकायला गेल्या. मी वाटेत वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणाले, "काका, तार मी सरकवली होती. माझी झोळी टांगायचे मी चोकला."

"निळी," ते म्हणाले.

झोळीचा रंग मी सांगितला नव्हता.

"दोरा काढला होता ना मी. त्या रविवारी."

"मग बोलला का नाहीत?"

"पल्यासमोर? तुझ्या बापासमोर तुला खोटी पाडू?" त्यांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "माका वाटला, तुला कळेल आणि तू लिहिशील. नंतर दोन महिने मी परळला जायचं झालं की तुमच्या गल्लीतनं जायचो. दर वेळी पाण्याचीच वेळ वाचून यायचो."

मला रडू येत होतं. मी माफी मागितली. ते ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष कुठेतरी दुसरीकडे होतं, एखादा आवाज ओळखायचा असावा तसं.

"मला सांगून काय उपयोग गो?" शेवटी म्हणाले. रागाने नाही. "मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाय, त्यांना सांग."

त्या संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं. ते जेवत होते. जेवण पुरं केलं, ताटात हात धुतला. "त्याच्या पोरीचं लग्न होतं," म्हणाले, "आणि मी गाडी धूत होतो." दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर त्यांनी चपला घातल्या. येऊ का, विचारलं तर नको म्हणाले.

मी बाकीच्यांच्या मागे लागले. जुन्या चाळीतल्या माणसांचे नंबर शोधले, पत्ते मिळवले. विलास फोनवर म्हणाला, "कोण मिस्त्री? अगं मी किती लोकांना काय काय बोललो असेन." दोन म्हातारे वारले होते. एका घरी सुनेने दारातूनच सांगितलं, सासूबाईंना आता काही आठवत नाही.

काल सुलभामावशीकडे गेले, चेंबूरला. आमच्या शेजारच्या खोलीतल्या, ज्यांच्या टीव्हीमुळे मी गाडीत जाऊन बसायचे त्या. त्यांनी मला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला, आईचे गुडघे विचारले. मी मिस्त्रींचं नाव काढलं.

"तो चोरटा ना?" त्या लगेच म्हणाल्या.

त्यांना गाडीचा रंग आठवत नव्हता. फळ्यावर काय लिहिलं होतं तेही नाही. फक्त तेवढं उरलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, झडप, तार, झोळी, माझं गप्प बसणं. काहीही न गाळता, न चढवता. त्यांनी मन लावून ऐकलं. "असं होय," म्हणाल्या. मग गॅसवर आधण ठेवायला उठल्या आणि पाठमोऱ्याच, मायेने, माझी समजूत घालत बोलल्या:

"एवढं मनाला लावून नको घेऊ बाळा. त्याने काहीतरी केलंच असेल. नाहीतर तू कशाला लिहिशील?"